एकट्याचं घर, लांब पल्ल्याचा सराव: रात्री साडेआठला पंधरा मिनिटांत काय जेवायचं?

सायंधाव
एकट्याचं घर, वजन ६५ किलो, आठवड्याला नऊ-दहा तास सराव (पळणं आणि सायकल), दिवसभर नोकरी. संध्याकाळचा सराव आटोपून घरी यायला साडेआठ होतात आणि पहाटे साडेपाचला पुन्हा बूट चढवायचे असतात. साधनं म्हणजे दोन बर्नरची शेगडी, ८०० वॉटचा मायक्रोवेव्ह आणि साधा फ्रीज. अंडी चालतात, मांस-मासे नाही. आठवड्यातून एकदा तासभर स्वयंपाकाला देता येईल. रोज मात्र पंधरा मिनिटांच्या वर नाही, आणि भांडी कमीत कमी पडावीत. 'हेल्दी रेसिपी' नकोत, त्यात वीस जिन्नस निघतात. ग्रॅममध्ये सांगितलंत तर उत्तम.

लांबपल्ला
आधी हिशोब, मग पदार्थ. नाहीतर पदार्थ चविष्ट होतो आणि पाय रिकामेच राहतात.

रोज साधारण तास-दीड तास सराव असेल तर किलोमागे ६ ग्रॅम कार्ब्ज धरा. ६५ किलोला ३९० ग्रॅम. रविवारी तीन-चार तासांची राइड असेल तर किलोमागे ८, म्हणजे ५२० पर्यंत. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम म्हणजे सुमारे १०५. ते एका बैठकीत कोंबू नका, पंचवीस-पंचवीसचे चार भाग करा.

३९० ग्रॅम ऐकायला सोपं वाटतं, ताटात ते बरंच दिसतं. १०० ग्रॅम कोरडा तांदूळ म्हणजे ७८ ग्रॅम कार्ब्ज. १०० ग्रॅम कोरडा पास्ता ७२. ८० ग्रॅम ओट्स ५० च्या आसपास. मध्यम केळं २७. ३०० ग्रॅम बटाटे फक्त ५०, कारण बटाट्यात पाणीच जास्त. ब्रेडची स्लाइस १४-१५.

एकटं राहणाऱ्यांची गफलत ठरलेली असते: दमून आल्यावर दोन अंडी फोडायची, वर सॅलड, आणि 'प्रोटीन झालं' म्हणून झोपायचं. दोन अंड्यांत १२ ग्रॅम प्रोटीन असतं आणि कार्ब्ज जवळजवळ शून्य. पहाटेच्या रनला तिसऱ्या किलोमीटरला पाय जड झाले की दोष झोपेला दिला जातो.

बर्फाचा_डबा
लांबपल्ला यांच्या हिशोबाला पूर्ण अनुमोदन. आता तासाभराचं काम सांगतो. साडेआठला घरात शिरल्यावर सुरी, चिरणं आणि 'काय करू' हा विचार, तिन्ही नकोत. ते सगळं त्या एका तासात उरकायचं.

भात: ५०० ग्रॅम तांदूळ धुऊन ९०० मिली पाण्यात शिजवा. शिजल्यावर सव्वा ते दीड किलो भरतो. लगेच परातीत पातळ पसरा, पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते. पाच सारखे भाग करून झिपच्या पिशव्यांत भरा, हाताने दाबून दोन सेंटिमीटर जाडीच्या चपट्या वड्या करा आणि तासाच्या आत फ्रीझरमध्ये आडव्या ठेवा. एका पिशवीत ७८ ग्रॅम कार्ब्ज. गोळा करून गोठवलात तर कडा उकळतात आणि मधे बर्फ राहतो. चपटी वडी तीन मिनिटांत गरम होते.

गरम करताना: वडी बोलमध्ये, वर एक मोठा चमचा पाणी, सैल झाकण, ८०० वॉटला दीड मिनिट. मग चमच्याने फोडायची, आणखी दीड मिनिट. सगळीकडून वाफ यायला हवी, नुसता कोमट झाला तर परत ठेवा.

मसूर: २५० ग्रॅम मसूर डाळ, ७५० मिली पाणी, हळद-मीठ. पंधरा मिनिटांत मऊ होते. दुसऱ्या बर्नरवर दोन कांदे दोन मोठे चमचे तेलात परता, आवडीचा मसाला घाला. डाळ शिजल्यावरच ४०० ग्रॅम टोमॅटो (कॅनमधले चालतील) आणि कांदा तिच्यात मिसळून दहा मिनिटं उकळा. टोमॅटो आधी घातलात तर आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही, अर्धा तास उकळूनही दाणा लागत राहतो. याचेही पाच भाग, चपटे, फ्रीझरला. एका भागात १२ ग्रॅम प्रोटीन आणि ३० ग्रॅम कार्ब्ज.

आता रात्र. मसुराची वडी पॅनमध्ये, सोबत अर्धी वाटी पाणी, झाकण. विरघळून खदखदू लागली की डावाने दोन खड्डे करा, प्रत्येकात एक अंडं फोडा, झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. तेवढ्यात मायक्रोवेव्हमध्ये भात. एकूण दहा-बारा मिनिटं, एक पॅन आणि एक बोल. भात, मसूर, दोन अंडी मिळून सुमारे ११० ग्रॅम कार्ब्ज आणि ३० ग्रॅम प्रोटीन. पाच रात्री सुटल्या.

पहाटपाय
भात फ्रीझरमध्येच का? फ्रीजमध्ये चार दिवस ठेवला तर काय बिघडतं?

बर्फाचा_डबा
दोन गोष्टी बिघडतात. एक चवीची: शिजलेला स्टार्च फ्रीजच्या तापमानालाच सगळ्यात लवकर कडक होतो, गोठवल्यावर ती क्रिया जवळपास थांबते. म्हणून फ्रीजमधला भात दुसऱ्या दिवशी खडखडीत होतो आणि फ्रीझरमधला महिन्यानेही मऊ निघतो.

दुसरी जास्त महत्त्वाची. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणजे 'चांगला उकळवला की झालं' हे भाताच्या बाबतीत खोटं. पसरून गार करणं आणि तासाच्या आत थंडीत टाकणं, यात सवलत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचाच असेल तर ५ अंशांच्या खाली, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि एकदाच गरम करा.

काटकसर
एवढा भात रात्री साडेआठला? झोपायच्या आधी कार्ब्ज म्हणजे सगळी चरबीच. मी तर म्हणेन प्रोटीन शेक घ्या आणि झोपा.

लांबपल्ला
असहमत. वजन दिवसभराच्या एकूण खाण्यावर ठरतं, घड्याळावर नाही. सरावात स्नायूंमधलं ग्लायकोजेन (साठवलेले कार्ब्ज) रिकामं झालेलं असतं, रात्रीचा भात आधी तिथे भरला जातो.

मात्र 'अर्ध्या तासाच्या आत खाल्लं नाही तर सगळं वाया' हेही अतिरंजित आहे. ताशी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कार्ब्ज घाईने भरण्याची गरज पुढचा सराव आठ तासांच्या आत असेल तेव्हा पडते. पुढचा सराव चोवीस तासांनी असेल तर दिवसाची बेरीज पुरेशी. धागाकर्त्यांचं अंतर साडेआठ ते साडेपाच, म्हणजे नऊ तास, आणि त्यातले सहा-सात झोपेत. इथे रात्रीचं जेवण गाळलं तर भरायला दुसरी वेळच उरत नाही. नुसत्या शेकने २५ ग्रॅम प्रोटीन मिळेल, पण टाकी रिकामीच राहील.

दुसऱ्या दिवशी विश्रांती असेल तर पिशवीतला अर्धाच भात घ्या आणि भाजी वाढवा. रोज एकच ताट हा हट्ट नको.

चढउतार
इथे एक अडचण कुणी मांडली नाही. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश) किंवा चढाचा जोरकस सराव झाला की तास-दीड तास भूकच मरते. समोर ताट आलं तरी चार घासांवर जात नाही, मग रात्री अकराला पोटात कावळे ओरडतात आणि बिस्किटांचा पुडा उघडला जातो.

उपाय पातळ खाण्याचा. घरात शिरल्याबरोबर, अंघोळीआधी: ४०० मिली दूध, दोन मोठे चमचे साखर किंवा मध, एक मोठा चमचा कोको. बाटलीत घालून हलवा, मिक्सर धुवायला काढू नका. सोबत एक केळं. मिळून ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब्ज आणि १४ ग्रॅम प्रोटीन. अंघोळ होईतो भूक परत येते, मग वरचं मसूर-अंडं अर्ध्या भातासोबत.

साधं दूध बाटलीत भरून दिवसभर बॅगेत नेऊ नका. दोन तासांवर बाहेर राहिलं की धोका, उन्हाळ्यात तर तासाभरातच. टेट्रापॅकमधलं दीर्घकाळ टिकणारं छोटं पाकीट न फोडता बाहेर चालतं, मैदानावरून निघतानाच पिता येतं.

एकपातेलं
माझा मुद्दा वेगळा. ज्यांच्याकडे फ्रीझर म्हणजे दोन बर्फाच्या ट्रे मावतील एवढा कप्पा, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कोरड्या सामानातून एका भांड्यात होणारा पास्ता.

पसरट, २४-२६ सेंटिमीटरचं भांडं घ्या. त्यात १२० ग्रॅम आखूड पास्ता (पेने, फुसिली), ४५० मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट आणि अर्धा कॅन काबुली चणे, निथळून साधारण १२० ग्रॅम. सगळं गार पाण्यातच एकत्र घालून मोठ्या आचेवर. उकळी आल्यानंतर पहिली दोन मिनिटं सतत हलवायचं, कारण पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च तेव्हाच सुटतो आणि तेव्हाच चिकटतो. पुढे मिनिटाला एकदा पुरे. झाकण नाही. नऊ-दहा मिनिटांत पाणी आटून दाटसर रस होतो. आच बंद करून मूठभर पालक आणि ४० ग्रॅम चीज ढवळा. कार्ब्ज ११० च्या आसपास, प्रोटीन ३० च्या वर.

कुठे चुकतं: भांडं अरुंद आणि खोल घेतलं की फेस उतू जातो आणि वरचा पास्ता कोरडा राहतो. पाणी अंदाजे ओतलं की एकतर सूप होतं नाहीतर तळ लागतो. पहिल्यांदा मापानेच घाला. आपल्या शेगडीला ५० मिली कमी-जास्त लागतं ते एकदाच कळतं.

उरलेले अर्धे चणे कॅनमध्येच ठेवू नका. डब्यात काढून फ्रीजला, तीन दिवसांत संपवा. दही, मीठ, लिंबू आणि दोन ब्रेड घेतले तर हे चणे दुपारचं जेवण होतात.

आणि ज्यांना शेगडीचाही कंटाळा आहे त्यांनी कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे) घरात ठेवावं. १०० ग्रॅम कुसकुसवर १५० मिली उकळतं पाणी, मीठ, झाकण, पाच मिनिटं, मग काट्याने मोकळं करायचं. केटल असली की झालं. वर चणे किंवा उकडलेली अंडी.

पहाटपाय
रात्र झाली, आता पहाट. पाचला उठून साडेपाचला पळायचं असेल तर मोठं जेवण पोटात मावत नाही. जेवढा वेळ हातात तेवढं खा. तासभर आधी किलोमागे १ ग्रॅम कार्ब्ज ठीक बसतात, वीस-पंचवीस मिनिटंच असतील तर एक केळं किंवा मध लावलेली एक पांढरी ब्रेड. पांढरीच. तंतुमय आणि तेलकट काहीही जोरकस सरावाआधी नको, ते पोटात रेंगाळतं आणि पळताना मुरडा येतो. ओट्सही त्यातच. लोक ओट्स खाऊन इंटरव्हल करतात आणि मग पोटाच्या तक्रारी सांगतात.

ओट्सची जागा पळून आल्यावर. रात्री झोपायच्या आधी ६०० मिलीच्या बरणीत ८० ग्रॅम रोल्ड ओट्स, २५० मिली दूध, १०० ग्रॅम दही, ३० ग्रॅम मनुका, चिमूटभर मीठ, एक चमचा पीनट बटर. झाकण लावून फ्रीजमध्ये. सकाळी तयार, बरणीतच खा. २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, ९० च्या आसपास कार्ब्ज. मीठ विसरू नका, त्याशिवाय सपक लागतं आणि तिसऱ्या दिवशी बरणीकडे बघवत नाही.

केळं रात्री कापून घातलं की काळं पडतं, सकाळी घाला. चिया घालायचं तर दोन चमच्यांच्या वर नाही, ते खूप पाणी ओढतं आणि बरणीत लगदा होतो. आणि स्टीलकट (न चपटवलेले, नुसते तुकडे केलेले) ओट्स नुसत्या भिजवण्याने मऊ होत नाहीत.

सायंधाव
भरपूर मिळालं. अंडी आठवडाभराची एकदम उकडून ठेवली तर चालतात का? आणि मायक्रोवेव्हमध्ये बटाटे?

एकपातेलं
अंडी: उकळत्या पाण्यात हळूच सोडा, दहा मिनिटं, मग गार पाण्यात. सालासकट फ्रीजमध्ये आठवडाभर, सोललेली मात्र लगेच संपवा. गोठवू नका, पांढरं रबरासारखं होतं. आणि उकडलेलं अंडं मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नका, सोललेलंसुद्धा. आतली वाफ कोंडते आणि बाहेर काढल्यावर, कधीकधी चावल्यावर, फुटते. तोंड भाजतं.

बटाटे: दीडशे ग्रॅमचे दोन, धुऊन काट्याने दहा-बारा ठिकाणी टोचा. ८०० वॉटला चार मिनिटं, उलटे करा, पुन्हा तीन-चार. मग दोन मिनिटं तसेच राहू द्या, आतला भाग तेव्हा शिजतो. वर दही, मीठ-मिरपूड, चणे. पण हिशोब लक्षात ठेवा: ५० ग्रॅमच कार्ब्ज, बरोबर दोन-तीन ब्रेड हवेतच. बटाटे शिजवून गोठवणं टाळा, वितळल्यावर पाणी सुटून रवाळ होतात.

खारट
मांस-मासे खाणाऱ्या वाचकांसाठी एवढंच: ट्यूनाचा कॅन निथळून १०० ग्रॅम म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, काहीही शिजवायला नको, वरच्या पास्त्यात चीजऐवजी घाला.

आता मीठ. इथे सगळे मोजून मीठ घालताहेत ते चांगलंच, पण दोन तास घाम गाळून आल्यावर अळणी जेवण आणि तीन लिटर साधं पाणी हे जोडगोळीने वाईट. पाणी अंगात टिकत नाही, नुसतं लघवीवाटे जातं. अर्धा चमचा मीठ म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास, त्यात सव्वा ग्रॅमच्या जवळपास सोडियम. लांब राइडच्या दिवशी जेवणात एवढं आलं तर वेगळ्या गोळ्यांची गरज बहुतेकांना नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं.

आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नका, निदान तासभर अंतर ठेवा. डाळीतलं, पालकातलं लोह आधीच कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. उलट लिंबू पिळलं की शोषण वाढतं. लांब पळणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, लोहाची कमतरता बरीच दिसते, म्हणून हा वरवर क्षुल्लक मुद्दा.

चढउतार
स्लोकुकर वापरणाऱ्यांना एक इशारा, धाग्यात तो येणारच होता. सकाळी कच्चा राजमा टाकून कामाला जायचं आणि रात्री तयार, हा बेत धोकादायक आहे. कच्च्या राजम्यात लेक्टिन हे विषारी प्रथिन असतं. मंद आचेवर पाणी नीट उकळत नाही, मग ते नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होतात. आधी निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा (दहा मिनिटं किमान, अर्धा तास अधिक सुरक्षित), मगच स्लोकुकरमध्ये. कॅनमधला राजमा शिजलेलाच असतो, त्याला हे नको. मसुराला तर स्लोकुकरच नको, पंधरा मिनिटांचं काम आहे ते.

लांबपल्ला
खरेदीबद्दल थोडं, कारण एकट्याच्या घरात अन्न टाकून देणं हाच मोठा खर्च. पालेभाजीची जुडी संपत नाही, फ्रोझन मटार आणि पालक घ्या. न वितळवता थेट भांड्यात पडतात, हवे तेवढेच काढता येतात. ब्रेड आणल्या दिवशीच फ्रीझरला, स्लाइस सुट्या करून. गोठलेलीच टोस्टरमध्ये जाते.

त्या एका तासाचा क्रम: आधी मसूर चढवा, लगेच भात दुसऱ्या बर्नरवर. भात उतरला की परातीत, त्याच बर्नरवर कांदा. तो मसुरात गेला की तिथे अंड्यांचं पाणी. भात पिशव्यांत भरेपर्यंत मसूर होतो. मसूर मात्र पातेल्यातच निवत ठेवू नका, खोल भांड्यात तासाभरानेही कोमट असतो. पसरट डब्यांत काढा.

एक गंभीर गोष्ट. वजन नकळत उतरतंय, सतत थंडी वाजते, सर्दी-खोकला हटत नाही, हाडाला बारीक तडे, स्त्रियांमध्ये पाळी सलग तीन महिने न येणं: ही सरावाला पुरेल एवढं अन्न न मिळाल्याची लक्षणं असू शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला 'रेड-एस' हे नाव दिलं. पुरुषांनाही होतं. असं काही असेल तर धाग्यावर विचारू नका, डॉक्टरांकडे जा.

सायंधाव
वाचनखूण साठवली आहे, मसूर-भात या रविवारीच. शेवटचं: ऑफिसचा मायक्रोवेव्ह ६०० वॉटचा आहे. भाताची वडी दुपारी तिथे नेली तर?

बर्फाचा_डबा
न्या, पण बॅगेत वितळू देऊ नका. गोठलेली वडी थंड पिशवीत, सोबत बर्फाचा पॅक, पोचल्यावर तिथल्या फ्रीजमध्ये. वेळ वॉटच्या उलट्या प्रमाणात: ८०० ला तीन मिनिटं लागतात तर ६०० ला चार. दोन मिनिटांनी फोडा, शेवटी मिनिटभर झाकून ठेवा. फ्रीजमध्ये अर्धवट वितळली असेल तर तीनमध्येच होईल, पण मधोमध बोट लावून बघा, भाजायला हवं. मसूर वेगळ्या डब्यात, तो मधे एकदा ढवळायचा. दोन्ही एका डब्यात नेलेत तर भात सगळा रस पिऊन घट्ट होतो आणि मधला भाग थंडच राहतो.